थ्रोजच्या एका ओळीने काय काय मोडतं

नाशिक जिल्ह्यात कांद्याचा लिलाव झाला की ट्रॅक्टर आधी भुईकाट्यावर जातो. भरल्या ट्रॉलीचं वजन होतं, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरतो आणि रिकामा ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर येतो. पहिल्या वजनातून दुसरं वजा केलं की कांदा किती ते कळतं. काटापट्टी निघते, तिच्यावरून हिशोबपट्टी होते, आणि त्या पट्टीवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. लासलगावला जा नाहीतर पिंपळगाव बसवंतला, क्रम हाच.

या भुईकाट्यांसाठी मी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक लहानशी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, लिहिली होती. काट्याच्या इंडिकेटरवरचा आकडा केबलमधून वाचायचा आणि पट्टी छापणाऱ्या प्रोग्रामच्या हातात द्यायचा, इतकंच तिचं काम. पट्टीचा प्रोग्राम दुसरेच लोक लिहीत. त्यांच्यासाठी मी एक इंटरफेस दिला होता. इंटरफेस म्हणजे लायब्ररीने बाहेरच्यांना दिलेला शब्द: या नावाने हाक मारा, हे मिळेल. आत मी काय करतो याच्याशी तुम्हाला घेणंदेणं नाही. माझ्या इंटरफेसमध्ये एकच मेथड, म्हणजे नावाने हाक मारून करून घ्यायचं काम, होती: ‘वजनघ्या’. जावामध्ये नावं देवनागरीत लिहिता येतात, म्हणून मी ती तशीच ठेवली. मेथड किलोचा आकडा द्यायची, आणि इंडिकेटरने उत्तर दिलं नाही तर उणे १.

त्या उणे एकने एका दुपारी घोळ केला. भरल्या ट्रॉलीचं वजन ६,१२० किलो आलं होतं. रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढला तेव्हा केबल सैल झालेली होती. लायब्ररीने उणे १ दिला, पट्टीच्या प्रोग्रामने तो तपासला नाही आणि सरळ वजाबाकी केली. ६,१२० वजा उणे १, म्हणजे ६,१२१. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं साडेतेहतीस क्विंटल लोखंड कांदा म्हणून मोजलं गेलं. हिशोबपट्टीच्या टेबलावरच्या माणसाने पट्टी हातात घेतली, बाहेरच्या ट्रॉलीकडे पाहिलं आणि म्हणाला, यात एकसष्ट क्विंटल माल बसतच नाही. तो अनुभवी होता म्हणून निभावलं.

चूक कोणाची? न तपासणाऱ्याचीही होती, पण मूळ माझी. ‘वजन मिळालं नाही’ हे मी वजनासारखं दिसणाऱ्या आकड्याने सांगत होतो. यावरचा उपाय प्रोग्रामिंगमध्ये फार जुना आहे, एक्सेप्शन. मेथडला काम जमलं नाही तर ती कुठलाही आकडा परत देत नाही, एक्सेप्शन फेकते. ज्याने हाक मारली त्याने ते झेलावं. त्याने झेललं नाही तर ते त्याच्या वरच्याकडे जातं, तिथून आणखी वर. कोणीच झेललं नाही तर तो थ्रेड, म्हणजे कामाचा तो धागा, तिथेच तुटतो. वजाबाकीपर्यंत गाडी पोचतच नाही.

जावामध्ये या एक्सेप्शनचे दोन प्रकार आहेत, आणि पुढची सगळी गोष्ट त्या फरकाची आहे. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून हा फरक तिच्यात आहे.

अनचेक्ड एक्सेप्शन न सांगता येतं. शून्याने भागलं, यादीत नसलेल्या जागी हात घातला, अशा वेळी ते उडतं. चेक्ड एक्सेप्शनचं तसं नाही. ते फेकणाऱ्या मेथडला आपल्या नावापुढे ‘थ्रोज’ लिहून आधीच जाहीर करावं लागतं, आणि हाक मारणाऱ्याने एकतर ते झेलण्याची सोय, म्हणजे ट्राय-कॅच, करायची, नाहीतर स्वतःच्या नावापुढेही थ्रोज लिहून ‘हे माझ्याकडूनही येऊ शकतं’ असं सांगायचं. दोन्ही केलं नाही तर कंपाइलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणारं साधन, प्रोग्राम तयारच होऊ देत नाही.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवायचा असला की गोदाकाठी आधी सूचना दिली जाते. दुकानदार टपऱ्या हलवतात, माल वर नेतात, आणि पाणी कुठवर आलं ते सगळं गाव दुतोंड्या मारुतीकडे बघून मोजतं. चेक्ड एक्सेप्शन म्हणजे ही आगाऊ सूचना, आणि कंपाइलर म्हणजे ‘टपरी हलवायची सोय दाखवल्याशिवाय घाटावर बसू देणार नाही’ म्हणणारा माणूस. हा माणूस फक्त टपरी मांडताना हजर असतो, रोज संध्याकाळी फेरी मारायला येत नाही. हे ध्यानात ठेवा, थोड्या वेळाने ते लागणार आहे.

मला वाटलं, उपाय सोपा आहे. दुसऱ्या आवृत्तीत उणे १ काढला, ‘काटाबंदएक्सेप्शन’ नावाचं चेक्ड एक्सेप्शन केलं आणि ‘वजनघ्या’पुढे थ्रोज लिहून ते जाहीर केलं. एका ओळीचा बदल.

दुसऱ्या दिवशी अंबडच्या एका मुलाचा फोन आला. तो माझी लायब्ररी वापरून पट्टीचा प्रोग्राम करायचा. लायब्ररी ज्या फाइलमध्ये बांधून देतात ती जार, आणि कोडचा प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड.

“दादा, तुमची नवी जार टाकली आणि आमचा बिल्डच होईना. एकोणचाळीस एरर आहेत.”

“वजनघ्याला आता एक्सेप्शन आहे ना. प्रत्येक ठिकाणी ट्राय-कॅच लाव.”

“पण दादा, आम्ही तर काहीच बदललं नाही.”

बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी त्याचं हे वाक्य सांगेन. ज्याने काहीच बदललं नाही, त्याचं काही मोडायला नको. लायब्ररी सुधारावी, वाढावी, पण कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज नव्या आवृत्तीवरही चालला पाहिजे. मेथडचं नाव बदललं किंवा तिच्याकडून मिळणारी गोष्ट बदलली की हा शब्द मोडतो, हे बहुतेकांना कळतं. थ्रोजची यादीसुद्धा त्या शब्दाचाच भाग आहे, हे मला त्या फोनवर कळलं.

त्याने घाईत एकोणचाळीस ठिकाणी ट्राय-कॅच लावले. नंतर मी त्याचा कोड पाहिला. कॅचच्या आत लिहिलं होतं: वजन बरोबर शून्य. म्हणजे रिकाम्या ट्रॅक्टरच्या वेळी केबल निघाली तर ६,१२० वजा शून्य. तोच घोळ, एका किलोच्या फरकाने! त्या मुलाला मी दोष देत नाही. शेवटच्या क्षणी एकोणचाळीस एरर अंगावर आले की माणूस कंपाइलरला गप्प करायचं बघतो. कंपाइलर झेलायला लावू शकतो, झेलून काय करायचं याचा विचार करायला लावू शकत नाही. चेक्ड एक्सेप्शनवर टीका होते, तिच्यातला हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

आता उलट बाजू पाहू, कारण इंटरफेसला दोन तोंडं असतात. एका बाजूला हाक मारणारे, दुसऱ्या बाजूला तो इंटरफेस पुरा करणारे, म्हणजे आपल्या काट्यासाठी ‘वजनघ्या’ स्वतः लिहिणारे. त्यांच्यासाठी जावाचा नियम असा: वरच्याने जेवढी चेक्ड एक्सेप्शन जाहीर केली, तेवढीच किंवा त्याहून कमी तुम्ही फेकू शकता, जास्त नाही. हा नियम पटण्यासारखा आहे. हाक मारणाऱ्याला समोर नेमका कोणता काटा आहे ते ठाऊक नसतं, त्याने फक्त इंटरफेस वाचलेला असतो. म्हणून थ्रोज वाढवला तेव्हा काटेवाल्यांचं काहीच बिघडलं नाही, मोडले ते हाक मारणारे.

मग मी तिसरी चूक केली. तक्रारी आल्या म्हणून थ्रोज काढून टाकला आणि उणे १ परत आणला. वाटलं, पूर्ववत झालं. संध्याकाळी त्याच मुलाचा फोन. पुन्हा एकोणचाळीस एरर! जे चेक्ड एक्सेप्शन आत कुठूनच येऊ शकत नाही, ते झेलायची सोय ठेवली तर जावा त्यालाही चूक म्हणते. भाषेचा नियमच तसा आहे. थेट ‘एक्सेप्शन’ किंवा ‘थ्रोएबल’ हे सगळ्यांचे मूळ वर्ग, म्हणजे ज्यांच्या पोटात बाकीची एक्सेप्शन येतात ते प्रकार, झेलले तर चालतं, पण नाव घेऊन झेलाल तर ते येण्याची शक्यता असली पाहिजे. आणि या वेळी काटेवालेही मोडले. ज्यांनी मधल्या काळात आपल्या मेथडपुढे थ्रोज लिहिला होता, ते आता वरच्यापेक्षा जास्त जाहीर करत होते.

म्हणजे यादी वाढवली की एक बाजू मोडते, आणि कमी केली की दोन्ही. थ्रोजची ओळ एकदा लोकांच्या हातात गेली की ती कुठल्याच दिशेला हलत नाही.

इथवरचं मोडणं निदान डोळ्यांना दिसतं, एरर येतो, फोन येतो. न दिसणारं मोडणं मला जास्त भीतीदायक वाटतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी एका बाजार समितीत कोणी पट्टीचा प्रोग्राम नव्याने कंपाइल केलाच नव्हता. फक्त माझी जुनी जार फाइल काढून नवी ठेवली. तिथे एरर आला नाही, सगळं सुरळीत सुरू झालं. कारण थ्रोजची यादी फक्त कंपाइल करताना तपासली जाते. आधी कंपाइल झालेल्या फाइलींची जुळणी थ्रोज बदलल्याने मोडत नाही, असं जावाच्या अधिकृत नियमांतच लिहिलेलं आहे. प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारं जावाचं यंत्र चेक्ड आणि अनचेक्ड असा भेद करत नाही, त्याला सगळी एक्सेप्शन सारखीच. घाटावरचा तो माणूस फक्त टपरी मांडताना असतो, म्हणालो ते हेच.

दोन आठवड्यांनी तिथली केबल निघाली. माझ्या लायब्ररीने काटाबंदएक्सेप्शन फेकलं. पट्टीचा प्रोग्राम तयार झाला तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे झेलायला कोणी नव्हतं. वजन वाचणारा थ्रेड संपला. खिडकी उघडी, बटणं जागेवर, पण पडद्यावर शेवटचंच वजन गोठलेलं. काट्यावर ट्रॅक्टर चढत होते, उतरत होते, आकडा हलत नव्हता. ऑपरेटरला वाटलं काटा अडकला. प्रोग्राम बंद करून चालू करेपर्यंत रांग गेटच्या बाहेर गेली होती.

याला बायनरी कंपॅटिबिलिटी आणि सोर्स कंपॅटिबिलिटी यांतला फरक म्हणतात. सोर्स म्हणजे लिहिलेला कोड पुन्हा कंपाइल होतो का, बायनरी म्हणजे तयार फाइल नव्या लायब्ररीला जोडली जाते का. माझा बदल सोर्सला मोडत होता, बायनरीला नाही, आणि तयार फाइल जोडली जाते म्हणजे ती बरोबर वागेल असं मी गृहीत धरलं होतं. वागणूक ही तिसरीच गोष्ट आहे, आणि ती तपासणारं कंपाइलरकडे काहीच नाही.

जावा घडवणाऱ्यांनाही ही ओळ हलवता आलेली नाही. बाइटअरेआउटपुटस्ट्रीम हा वर्ग फक्त मेमरीत लिहितो. त्याचं ‘क्लोज’ काहीच करत नाही, तरी ते आयओएक्सेप्शन, म्हणजे वाचता-लिहिताना अडलं तर येणारं चेक्ड एक्सेप्शन, जाहीर करतं, आणि आजही करतं. बाइटची अख्खी रांग एकदम लिहिणारं त्याचं ‘राइट’ही तसंच. काढलं तर जगभरचे कॅच मोडतील. त्यांनी काय केलं? २०१८ साली जावा ११ मध्ये त्या ‘राइट’साठी ‘राइटबाइट्स’ ही वेगळ्या नावाची मेथड दिली, तिला थ्रोज नाही. जुनी जशीच्या तशी ठेवली.

मराठीत काम करणाऱ्यांनी असाच एक काटा नक्की सोसला असेल. हिशोबपट्टीवर शेतकऱ्याचं नाव देवनागरीत छापायचं, म्हणून अक्षरांचे बाइट, म्हणजे संगणकाला कळणारे आकडे, करायचे. त्यासाठी स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, गेटबाइट्स या मेथडला ‘यूटीएफ-८’ हे अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव दिलं की अनसपोर्टेडएनकोडिंगएक्सेप्शन झेलावं नाहीतर पुढे जाहीर करावंच लागतं. आता प्रत्येक जावामध्ये यूटीएफ-८ असलंच पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ते एक्सेप्शन येणं शक्य नाही, तरी कॅच लिहा. अशा कॅचमध्ये माणूस काय लिहिणार? रिकामाच सोडणार. जावा ६ मध्ये त्याच मेथडचं दुसरं रूप आलं, ज्यात नावाऐवजी थेट कॅरसेट, म्हणजे ती पद्धतच, द्यायचा, आणि त्याला थ्रोज नाही. २०११ च्या जावा ७ मध्ये यूटीएफ-८ तयार स्थिरांक म्हणून मिळाला. जुनं रूप अजून आहे, आपल्या थ्रोजसकट.

सगळ्यात सुंदर उदाहरण मला त्याच जावा ७ मधलं वाटतं. फाइली आपोआप बंद करणारी ट्राय-विथ-रिसोर्सेसची सोय आणताना त्यांना ‘क्लोज’ असलेला एक सामायिक इंटरफेस हवा होता. जुना ‘क्लोजेबल’ होता, पण तो फक्त आयओएक्सेप्शन जाहीर करतो, आणि डेटाबेसची जोडणी बंद करताना एसक्यूएलएक्सेप्शन येतं. क्लोजेबलची यादी वाढवली असती तर हाक मारणारे सगळे मोडले असते. म्हणून त्यांनी त्याच्या वर नवा ‘ऑटोक्लोजेबल’ बसवला आणि त्याला सर्वांत मोठं, नुसतं ‘एक्सेप्शन’ जाहीर करायला लावलं. खालच्याने कमी जाहीर केलं तर चालतं, त्यामुळे जुना क्लोजेबल आपल्या यादीसकट त्याच्याखाली अलगद बसला. एकाचाही प्रोग्राम मोडला नाही. जो नियम मला आडवा आला, तोच त्यांनी शिडी म्हणून वापरला.

इतर भाषांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. सीशार्पमध्ये चेक्ड एक्सेप्शन नाहीत. ती भाषा रचणारे अँडर्स हेल्सबर्ग यांनी २००३ मध्ये एका मुलाखतीत जी कारणं सांगितली, त्यांतलं एक ठळक कारण नेमकं हेच होतं, नव्या आवृत्तीत यादी वाढवता येत नाही. कोटलिननेही ती घेतली नाहीत. सी प्लस प्लसमधली अशी यादी सी प्लस प्लस ११ मध्ये नापसंत ठरली आणि १७ मध्ये काढली गेली. खुद्द जावामध्ये २०१४ ला लॅम्डा, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहायचे कोडचे छोटे तुकडे, आले तेव्हा त्यांच्यासाठीच्या बहुतेक तयार इंटरफेसना थ्रोज ठेवलाच नाही, आणि आयओएक्सेप्शन गुंडाळून न्यायला अनचेक्डआयओएक्सेप्शन नावाचा वर्ग द्यावा लागला.

तरी चेक्ड एक्सेप्शन वाईट असं माझं म्हणणं नाही. काटा बंद पडला तर काट्यावरचा माणूस काही करू शकतो: केबल बसवेल, ट्रॅक्टर पुन्हा चढवेल, पट्टी थांबवेल. जिथे हाक मारणाऱ्याच्या हातात उपाय आहे, तिथे त्याला आधी सांगणं मला योग्यच वाटतं. सेटिंगची फाइलच चुकीची असेल तर वजनाच्या क्षणी कोणी काही करू शकत नाही, तिथे अनचेक्ड बरं. पण हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं.

माझा घोळ निस्तरताना एक युक्ती सापडली. काटाबंदएक्सेप्शन हा वर्गच मी रनटाइमएक्सेप्शनखाली नेला, म्हणजे अनचेक्ड केला, आणि उणे १ पुन्हा काढून ‘वजनघ्या’ला तेच फेकायला लावलं. अनचेक्ड एक्सेप्शन झेललं तरी चालतं, नाही झेललं तरी चालतं, थ्रोजमध्ये लिहिलेलं असलं तरी चालतं. ज्यांनी ट्राय-कॅच लावले होते त्यांचेही प्रोग्राम कंपाइल झाले, न लावलेल्यांचेही. पण उणे १ तपासणाऱ्यांचं काय? त्यांना तो आता मिळणार नव्हता. एकाच नावाखाली मी दोन वेगळे शब्द देऊन बसलो होतो, आणि दोन्ही पाळणं शक्य नव्हतं. मी थांबलेला काटा निवडला, चुकलेली पट्टी नाही. मग ज्या ज्या ठिकाणी लायब्ररी बसली होती तिथे स्वतः जाऊन एक्सेप्शन झेलायची सोय करून आलो, त्यात पूर्ण हंगाम गेला. दुसऱ्या आवृत्तीतच ‘वजनमोजा’ अशी नव्या नावाची मेथड दिली असती, तर हे काहीच करावं लागलं नसतं. जावा ८ पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड लिहिता येते. ‘वजनमोजा’ने आतून ‘वजनघ्या’ला हाक मारायची, उणे १ आला तर एक्सेप्शन फेकायचं. जुने काटेवाले न हलता नव्या नावाला उत्तर देऊ लागले असते.

नंतर दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान वाचणारी लायब्ररी लिहिली. तिच्यात पहिल्या दिवसापासून थ्रोजमध्ये एकच नाव आहे, ‘तापमानमिळालंनाहीएक्सेप्शन’. आत केबल असो, नेटवर्क असो की डेटाबेस, त्यांची स्वतःची एक्सेप्शन मी बाहेर जाऊ देत नाही. त्यांना या नावात गुंडाळतो आणि मूळ कारण आत जोडून ठेवतो. हाक मारणाऱ्याला कळायला हवं ते इतकंच की तापमान मिळालं नाही. केबलचं नाव थ्रोजमध्ये लिहिलं की केबल बदलायची सोय आपणच बंद करतो. नुसतं ‘एक्सेप्शन’ जाहीर करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मग समोरच्याला माझ्या कोडमधल्या चुकासुद्धा तापमानाच्याच कॅचमध्ये सापडतात आणि खरी चूक दबते.

गेल्या हंगामात बिनतारी सेन्सर आले. त्यांची बॅटरी उतरते, आणि हे वेगळं कळवायला हवं होतं. मी ‘बॅटरीसंपलीएक्सेप्शन’ केलं आणि ते त्या जुन्या नावाखाली बसवलं. ज्यांना फरक करायचा होता त्यांनी नवं नाव आधी झेललं. बाकीच्यांच्या जुन्या कॅचमध्ये ते आपोआप पडलं, ज्यांनी नुसती जार बदलली त्यांच्याकडेसुद्धा. अंबडच्या त्या मुलाला मी स्वतःहून फोन करून विचारलं, बिल्ड झाला का. तो म्हणाला, “कधीच झाला, दादा. काही बदललं होतं का?”